बायोडाट्यातलं वजन

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर मी आमच्या गावच्या अंगणवाडीतल्या ताईंचं नाव सांगतो. नाव म्हणजे ‘ताई’ एवढंच. त्यांचं खरं नाव मला दहावीचा फॉर्म भरताना त्यांच्या सहीवरून कळलं आणि ते कुणातरी परक्या बाईचं वाटलं.

आमचं गाव लासूर स्टेशनपासून आत, खडीच्या रस्त्यावर. तिथं मी जन्मलो तेव्हा माझं वजन पावणेदोन किलो होतं. हा आकडा आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. ताईंनी अंगणवाडीच्या आढ्याला ताणकाटा टांगला, त्याच्या हुकाला झोळी अडकवली आणि मला त्यात घालून तो आकडा वाचला. पुढं आई तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिली. ताईंकडं एक तक्ता होता, हिरवा, पिवळा आणि तांबडा पट्टा असलेला. माझा ठिपका बरेच महिने तांबड्यात होता. तो वर चढला की ताई लाडवाचा एक घास आधी माझ्या तोंडात घालत आणि मग स्वतः खात. मोठेपणी परीक्षेत पहिला आल्याचा मला जेवढा अभिमान वाटला नाही, तेवढा त्या ठिपक्याचा वाटत आला. माझ्या आयुष्यातली पहिली प्रगती मी झोपून केली होती.

पुढं पाटीवर अक्षरं ताईंनीच गिरवून घेतली. गावातल्या शाळेनंतर मला बाहेर पाठवायचं की नाही यावर घरात चर्चा सुरू झाली, तेव्हा त्या न बोलावता येऊन बसल्या आणि वडील हो म्हणेपर्यंत उठल्या नाहीत. कॉलेजचा अर्जही त्यांनीच भरला. आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. पदवीचा एक तोटा असा की घरातले लोक तुम्हाला सगळं कळतं असं धरून चालतात. दुसरा आणि मोठा तोटा असा की तुम्हीही तसंच धरून चालता.

मी शेंद्र्याच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि छत्रपती संभाजीनगरात दोन खोल्यांत भाड्यानं राहतो. कारखान्यात माझं काम म्हणजे मोजमापाची साधनं बरोबर मोजतात की नाही ते तपासणं. काटा शून्यावर आहे का, गेज झिजलंय का, हे पाहून मी त्यावर हिरवं स्टिकर लावतो. माझ्यासमोर कुणी ‘अंदाजे’ म्हटलं की मला राग येतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं जे घडलं त्याची लाज पुरेशी वाटेल.

माझं लग्न बायोडाट्यावरून जमलं. मुलगी करमाडची, बी.कॉम., इथल्याच एका शाळेत बालवर्गाला शिकवणारी. तिच्या बायोडाट्यात उंची पाच फूट एक इंच आणि वजन बावन्न किलो लिहिलं होतं. माझ्या बायोडाट्यात माझी उंची पाच फूट सात इंच होती. बूट घालून मी पाच फूट पाच आहे. उरलेले दोन इंच मामांनी टायपिंगवाल्याच्या शेजारी बसून दिले होते. तरीही दुसऱ्याचा बायोडाटा मी खरा मानला. छापलेला आकडा खोटा असू शकतो हे मला कारखान्यात दिवसातून दहा वेळा कळतं. घरी येताना मी ते तिथंच ठेवून येत असलो पाहिजे.

बघायला गेलो तेव्हा समोर बसलेली मुलगी बावन्न किलोची नव्हती. हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं. आईलाही दिसत होतं आणि तिला तर तेच आवडलं होतं. परतीच्या जीपमध्ये ती म्हणाली, “पोरगी कशी अंगानं भरलेली हाय. खात्यापित्या घरची. मला आवडली बाबा.” मला मुलीचं हसणं आवडलं होतं. वजनाचा विषय तिथं संपला. माझ्या डोक्यात मात्र बावन्न हा आकडा बसला तो बसलाच.

लग्नानंतर दीड वर्षानं गोड बातमी आली. आम्ही दोघं आणि गावाहून मुद्दाम आलेली आई असे दवाखान्यात नाव नोंदवायला गेलो. गर्दी खूप होती. मोठ्या डॉक्टर मॅडम ऑपरेशनला गेल्या होत्या आणि काउंटरवरचा वजनकाटा दुरुस्तीला गेला होता. काउंटरवरच्या सिस्टरनं कार्ड भरता भरता विचारलं, “वजन?”

प्रश्न बायकोला होता. उत्तर मी दिलं. “बावन्न.”

“गेल्या महिन्यात केलं होतं का?”

“बावन्नच आहे,” मी म्हणालो. इतक्या खात्रीनं मी लग्नातही मंगलाष्टकांना मान हलवली नव्हती. सिस्टरनं एकदा बायकोकडं पाहिलं, एकदा मागच्या रांगेकडं, आणि लिहून टाकलं. बायको गप्प राहिली. मी तिच्या गप्प राहण्याला संमती समजलो. त्या दिवशी तपासणी एका शिकाऊ डॉक्टरांनी केली. त्यांनी कार्ड पाहिलं, रक्ताच्या दोन तपासण्या लिहिल्या, गोळ्या दिल्या आणि पुढच्या महिन्यात यायला सांगितलं.

पुढच्या महिन्यात आम्ही गेलो नाही. तिला मळमळ फार होत होती, म्हणून ती करमाडला माहेरी गेली. तिथून परत आली तेव्हा साडेचार महिने झाले होते. मग आम्ही दोघंच मॅडमांकडं गेलो. काटा दुरुस्त होऊन आला होता. त्यावर माझ्या सवयीप्रमाणं मी आधी शून्य तपासून घेतलं. बायको वर उभी राहिली. काट्यानं त्र्याहत्तर दाखवलं.

मॅडम साठीच्या, जुन्या शहरातल्या. मराठी स्वच्छ बोलतात. राग आला की दखनीत शिरतात. त्यांनी कार्ड पाहिलं, काटा पाहिला, पुन्हा कार्ड पाहिलं आणि चष्मा काढला.

“क्या मियाँ, दो-ढाई महिने में इक्कीस किलो? क्या खिलाए? वो नुस्खा मेरेकू भी देव, मेरे दुबले पेशंटां के काम आयेगा.”

मी म्हणालो, “काट्यात काही दोष असेल.”

“काटा कल आया बनके.”

“मग पहिल्या वेळी लिहिण्यात चूक झाली असेल.”

मॅडमांनी बाहेर हाक मारली आणि काउंटरवरची सिस्टर आत आली. तिच्यावर आवाज चढायच्या आत बायको म्हणाली, “त्यांची चूक नाही मॅडम. यांनी सांगितलं होतं.”

“तुझं वजन यांना कसं माहीत?”

“बायोडाट्यात होतं.”

मॅडमांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग सिस्टरनं तोंडावर फाइल धरली. मॅडमांनी मला विचारलं, “काय काम करता आपण?” हा प्रश्न त्या वेळी यायला नको होता. मी सांगितलं. सिस्टर फाइल घेऊन बाहेर गेली आणि तिचं हसणं काउंटरपर्यंत ऐकू येत राहिलं.

“अन् तू का बोलली नाहीस गं?” मॅडमांनी बायकोला विचारलं.

“सासूबाई शेजारी, मागं दहा माणसं. त्यात हे इतक्या खात्रीनं बोलले की मलाच वाटलं, असेल बावन्न.” मग ती हळू आवाजात म्हणाली, “तेव्हा एकाहत्तर होतं. बायोडाटा काकांनी केला होता.”

मॅडमांनी बावन्नवर रेघ मारून एकाहत्तर लिहिलं. त्यांचा राग उतरला होता. पण पुढचं त्यांनी ज्या शांतपणे सांगितलं त्यापेक्षा राग बरा होता. वजन जास्त असणं हा काही गुन्हा नाही, त्या म्हणाल्या, फक्त डॉक्टरला ते खरं कळायला हवं. दिवस जाण्याआधीच वजन जास्त असेल तर गरोदरपणात रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढण्याचा धोका जास्त असतो. म्हणून अशा बाईची साखर पहिल्याच भेटीत तपासतात. “तुमच्या कार्डावर बावन्न होतं. ते पाहून कुणी घाई केली नाही. अडीच महिने गेले.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको साखरेच्या तपासणीसाठी ग्लासभर गोड पाणी प्यायली. “लिंबू विसरलेलं सरबत,” ती म्हणाली. दोन तासांनी रक्त घेतलं. साखर वाढलेली निघाली.

मॅडमांनी कागदावर एक गोल काढला, त्यात दुसरा छोटा गोल काढला. आईच्या रक्तातली जास्तीची साखर बाळाकडं जाते. बाळ अंगानं वाढतं, बाळंतपण अवघड होऊ शकतं. आणि पोटात सतत साखर मिळालेल्या बाळाची साखर जन्मल्याबरोबर एकदम खाली जाऊ शकते. ती वेळेत सावरली नाही तर त्याला त्रास होतो. “घाबरू नका. आता कळलंय ना, सांभाळता येतं. साखर आटोक्यात ठेवायची, वजन फार वाढू द्यायचं नाही. पण ऐका, वजन उतरवायला जायचं नाही. उपाशी ठेवायचं नाही.”

यातली शेवटची दोन वाक्यं मी ऐकली नाहीत. म्हणजे कानावर पडली. पण तोवर माझ्या डोक्यात तक्ता तयार होऊ लागला होता.

घरी आलो तर आई गावाहून आलेली. सोबत तुपाची बरणी, शेंगदाण्याचे लाडू आणि खारकांची पिशवी. बायकोला बघून तिनं पहिलं वाक्य काय म्हटलं असेल? “वाळली गं पोरी तू.” बायको त्र्याहत्तर किलोची, मळमळ थांबून नुकतीच चार घास जेवू लागलेली. आई ताटात वाढायला लागली की थांबायची नाही. “दोन जिवांची हाय ती. दोघांचं खायचं.” मी साखरेचा रिपोर्ट दाखवला. आईला वाचता येत नाही. ती म्हणाली, “कागदाला भूक लागत नाय. तिला लागती.”

मग मी सूत्रं हातात घेतली. स्वयंपाकघरात ठेवायचा डिजिटल काटा विकत आणला. तो कारखान्यात नेऊन प्रमाण वजनांवर तपासला आणि त्यावर हिरवं स्टिकर लावलं. फ्रिजवर आलेखाचा कागद चिकटवला: आडव्या रेघेवर तारखा, उभ्या रेघेवर बायको, रोज सकाळी माणसांच्या काट्यावर मोजलेली. भाकरी चाळीस ग्रॅम. भाताला परवानगी नाही. संध्याकाळी चार वाजता भूक लागली तर काकडी. हे आकडे मी कुठून काढले ते विचारू नका. दवाखान्यातून आहाराचा छापील कागद मिळाला होता. मला तो फार सैल वाटला, म्हणून मी तो सुधारला. बी.एस्सी. फिजिक्सच्या माणसानं आहारतज्ज्ञाचा कागद सुधारला.

बायकोनं सुरुवातीला थट्टेवर नेलं. तव्यावरून उतरलेली भाकरी काट्यावर ठेवून ती विचारायची, “अहो, पास झाली का? की रिजेक्ट?” त्रेचाळीस ग्रॅम भरली तर मी कडेचा तुकडा मोडून स्वतः खायचो. त्या काळात माझं वजन दीड किलोनं वाढलं. तिचं दहा दिवसांत दीड किलोनं उतरलं. आलेखाची रेघ खाली आलेली पाहून मला लहानपणचा तो ठिपका आठवला आणि मी खूश झालो. फक्त माझी रेघ वर जाते म्हणून ताई खूश व्हायच्या, इथं ती खाली येत होती, एवढा फरक माझ्या ध्यानात आला नाही.

एका रविवारी दुपारी बायको ओट्याशी उभी असताना तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिनं ओटा धरला, मग खाली बसली. आईनं तिला भिंतीला टेकवलं, पाणी पाजलं, केळं सोलून दिलं. आणि मी, देव मला क्षमा करो, म्हणालो, “केळं नको. केळ्यानं साखर वाढेल.”

आई उठली. काट्यावर अर्धी भाकरी होती. तिनं ती उचलून ताटात टाकली आणि काटा माझ्या हातात दिला.

“ठिव हे घराबाहेर.”

“आई, अगं डॉक्टरांनीच...”

“माझ्या सासूनं बी मोजूनच दिलं मला,” आई म्हणाली. “काटा नव्हता तिच्याकडं, हात व्हता. सकाळच्याला एक, सांजच्याला अर्धी. म्हणायची, पोर पोटात मोठं झालं तर अडंल, कमी खा. दिवसभर कापूस वेचायचा अन् अर्धी भाकर. तू पावणेदोन किलोचा उगीच झाला व्हय रं?”

मी हे कधीच ऐकलं नव्हतं. पावणेदोन किलोची गोष्ट मी शेकडो वेळा ऐकली होती, पण ती नेहमी झोळीपासून सुरू व्हायची.

बायकोनं विचारलं, “मग आई, तुम्ही काय केलं?”

“मी काय करणार? सहावा सरल्यावर ताईंना माझी अवस्था दिसली. मंग त्या रोज दुपारच्याला यायच्या. सासूला म्हणायच्या, हिला तपासायचं हाय, गोठ्याकडं धाडा. पदराखाली डबा. सुकडी, कधी उसळ, कधी त्यांच्या घरची भाकर. म्हशीच्या आडोशाला बसून खायची मी अन् त्या दारात उभ्या राहायच्या. तीन महिने. त्या म्हणायच्या, लवकर कळलं असतं तर लेकरू दोन किलोच्या वर गेलं असतं.” मग माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “हिला कुणी कमी पडू द्यायचं नाय, एवढंच व्हतं माझ्या मनात. लई वाढत असंन मी. पण मोजून नाय दिलं.”

मी काटा घेऊन जिन्यात गेलो आणि त्यावरचं हिरवं स्टिकर खरवडून काढलं. दोन पिढ्यांमध्ये आमच्या घरात एवढीच प्रगती झाली होती की भाकरी मोजून देणाऱ्याच्या हातात आता दशांश चिन्ह दाखवणारं यंत्र होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं मॅडमांकडं गेलो. बायकोनं सगळं सांगितलं. मॅडमांनी मला विचारलं, “मी काय बोलले होते?”

“साखर आटोक्यात.”

“और?”

“वजन फार वाढू द्यायचं नाही.”

“और?”

बायको म्हणाली, “उपाशी ठेवायचं नाही.”

“मियाँ, तुम बाहर बैठो,” मॅडम म्हणाल्या. “ये औरत है, तुम्हारी कंपनी का पुर्जा नै.”

मी बाहेर बाकावर बसलो. आत पाऊण तास काय झालं ते मला नंतर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. मॅडमांनी आईला विचारलं, घरात काय काय शिजतं? आईनं सांगितलं. मॅडमांनी त्यातलंच निवडलं: ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, मटकीची उसळ, अंडं, मेथी, ताक. एका वेळी डोंगर वाढायचा नाही. थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा. भात थोडा, पण चालेल. लाडू नाही. जेवणानंतर पायी चालणं. दोघांचं खायचं म्हणजे दुप्पट नाही, दोघांना पोसेल असं, हे त्यांनी आईला पटवलं. माझ्या सगळ्या तक्त्यांना जमलं नव्हतं ते त्यांनी भाजीच्या नावांवरून केलं. बाहेर येताना आई तोऱ्यात होती. “बाई शहाणी हाय,” ती मला म्हणाली. “तुला काय सांगितलं न् तू काय ऐकलं!”

त्यानंतर घरचा कारभार त्या दोघींकडं गेला. बायको दिवसातून चार वेळा बोटाला सुई टोचून साखर बघायची आणि वहीत लिहायची. आईला अक्षरं येत नसली तरी बाजारामुळं आकडे येतात. जेवल्यावर दोन तासांनी एकशे वीसच्या खाली यायला हवं, हे तिनं एकदा ऐकून लक्षात ठेवलं. ती यंत्रात डोकावून निकाल सांगायची, “एकशे अकरा. जमलं. मेथीचं काम हाय हे.” संध्याकाळी दोघी मैदानाला चकरा मारायच्या. मी मागून पाण्याची बाटली घेऊन जायचो. घरात माझ्यावर सोपवलेलं ते एकमेव काम होतं आणि ते मी मन लावून केलं. शेवटच्या महिन्यात आहारानं भागेना, तेव्हा इन्सुलिन सुरू झालं. सुई बघून मला घेरी यायची, बायको स्वतः टोचून घ्यायची आणि मला म्हणायची, “तुम्ही बसा जरा. पाणी देऊ का?”

पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे. मॅडमांनी सांगितलं, या वेळी दवाखाना जवळ हवा. तेव्हा तिची आईच करमाडहून आमच्याकडं राहायला आली. दिवस भरत आले आणि कळा सुरू करून पाहिल्या, पण बाळ मोठं होतं, पुढं सरकेना. शेवटी सकाळी दहाच्या सुमाराला ऑपरेशन झालं. मुलगी. तीन किलो आठशे पन्नास ग्रॅम.

सिस्टर तिला कापडात गुंडाळून बाहेर घेऊन आली तेव्हा नातेवाइकांमध्ये आनंदाची लाट उसळली. “पैलवान हाय पैलवान!” “गाल बघा!” “बापापेक्षा दुप्पट!” हे अगदी खरं होतं, दुप्पटीहून जास्तच. सगळे हसत होते, आणि मला त्या गुबगुबीत गालांची भीती वाटत होती. सिस्टरनं कुणाच्या हातात बाळ दिलं नाही. टाचेतून रक्ताचा थेंब घेतला आणि ती झपाझप आत निघून गेली. बाळाची साखर कमी आली होती. दूध पाजून पुन्हा पाहिली, पुन्हा कमी. मग तिला नवजात विभागात नेऊन हाताला सलाइन लावलं.

काचेपलीकडं ती ओळीतलं सर्वांत मोठं बाळ होती. शेजारच्या पेटीत एक इवलंसं बाळ होतं, माझ्यासारखं. मोठं दिसणारं बाळ सुदृढच असतं असं बाहेर बाकावर बसलेली सगळी माणसं समजत होती. दोन्ही पेट्यांतल्या बाळांच्या टाचेला मात्र तीच पट्टी होती. अडीच महिने, माझ्या डोक्यात तेवढंच फिरत होतं. ते वाया गेले नसते तर ती इथं नसती, असं काही मॅडम म्हणाल्या नव्हत्या. तरीही ती इथं असतीच, असंही कुणी सांगू शकत नव्हतं. ते मला कधीच मोजता येणार नाही.

काहीतरी करायला हवं म्हणून मी बाहेर आलेल्या सिस्टरला विचारलं, “हे साखरेचं यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं?”

तिनं माझ्याकडं नीट पाहिलं. “तुम्हीच का ते? बायोडाटावाले?”

मी हो म्हणालो. ती म्हणाली, “बसा तिथं. बाळ चांगली ओढून पितीये. दुपारी परत बघू.”

दुपारी साखर वर आली. दुसऱ्या दिवशी सलाइन काढलं आणि दोन दिवसांनी बाळ बायकोच्या कुशीत आली. आई शेजारी बसून दोघींकडं बघत होती. मी पाण्याची बाटली भरून आणली.

त्याच आठवड्यात मी ताईंना पत्र लिहिलं. त्यांना आता फोनवर नीट ऐकू येत नाही. पण चष्मा लावून त्या सगळं वाचतात.

*

ताई, नमस्कार.

मुलगी झाली. वजन तीन किलो आठशे पन्नास ग्रॅम. पहिल्या दिवशी तिची साखर कमी झाली होती, म्हणून दोन दिवस काचेत ठेवली होती. आता ठीक आहे. हिची साखरही बाळंतपणानंतर उतरली. दीड महिन्यानं पुन्हा तपासायची आहे आणि पुढंही लक्ष ठेवावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. अंगावर पाजते आहे. टाके दुखतात, पण काल वॉर्डात दोन चकरा मारल्या.

यात माझी मदत काही झाली नाही. उलट दोन चुका झाल्या. एक म्हणजे मी तिचं वजन डॉक्टरांना खोटं सांगितलं, स्वतःला खरं वाटत असताना. दुसरी म्हणजे साखर निघाल्यावर मी तिला दहा दिवस भाकरी मोजून दिली. दुसरी चूक आईनं थांबवली. थांबवताना तिनं गोठ्यातली गोष्ट सांगितली.

ताई, ती गोष्ट मला माहीत नव्हती. तुम्हीही कधी बोलला नाहीत. मी आजवर प्रत्येक सत्कारात, कारखान्यातसुद्धा, सांगत आलो की ताईंनी मला झोळीत घालून वाढवलं. लोक टाळ्या वाजवतात. माझ्या आधी तीन महिने तुम्ही माझ्या आईला जेवू घातलं, हे त्यात कुठंच नसायचं. आभार मी मानत होतो, पण ते माझ्यापुरतेच मानत होतो. तिच्या वतीनं कुणी मानलेच नाहीत. ते आज मानतो. उशीर झाला आहे, याची कल्पना आहे.

आता एक अडचण आहे. करमाडहून डिंकाच्या लाडवांचा डबा आला आहे आणि आईनं गावाहून दुसरा मागवला आहे. दोन्ही आज्यांचं एकमत झालं आहे, असं प्रथमच घडतं आहे. ही म्हणते, दिवसाला एक, छोटा. मी मत दिलेलं नाही. मला कुणी विचारलेलंही नाही. तुम्ही दोन ओळी लिहून पाठवल्या तर त्या आईला वाचून दाखवीन. तुमचं ती ऐकते.

बारशाला या. मी घ्यायला येतो.

आई शेजारी बसली आहे. ती म्हणते, ताईंना लिही, पोरगी तुमच्या तोंडाकडं बघून हसंल अशी हाय. ती म्हणते, ताईंना लिही, मी आता रोज चालते, सुनेसंगं चालायची सवय लागली. आणि ती म्हणते, बाळाचं वजन तेवढं लिहू नको, नजर लागती.

ते वर लिहून झालं आहे, ताई. खोडलं तर पुन्हा वजन लपवणंच झालं, म्हणून तसंच ठेवतो. तुम्ही आईला सांगू नका.

तुमचा,
पावणेदोन किलोचा